ओळीचं शेपूट

आधी वहिनींचं सांगते, मग बाकीचं. पाटोद्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत एक वस्ती आहे. तिथल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरातल्या त्या धाकट्या सूनबाई. नात्यानं माझ्या कुणी नाहीत. आम्ही मेंढपाळ. सुगी झाली की दर साली आमचा तळ त्यांच्या रानात पडायचा. मेंढ्या रात्री त्यांच्या शेतात बसवायच्या, लेंड्यांचं खत शेताला आणि त्या बदल्यात आम्हाला ज्वारी, असा जुना व्यवहार. त्या व्यवहारात वहिनींनी मला काही द्यावं असं कुठं ठरलेलं नव्हतं. तरी त्यांनी दिलं. टीव्हीवरच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मी पायावर उभी राहिले ती त्यांच्यामुळं. हे आधीच लिहून ठेवते, कारण सांगण्याच्या भरात माणूस स्वतःलाच मोठं करत जातं.

माझी शाळा सहावीनंतर सुटली. कुणी बळजबरीनं काढली नाही. मेंढ्या निघाल्या, त्यांच्यामागं मी निघाले, आणि परत आले तेव्हा वर्गातल्या पोरी पुढं गेलेल्या होत्या. गाणं मात्र रानात मिळालं. ते गाणं म्हणजे आमचं कामच होतं. कळपाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला आई, मधे मेंढ्या. मी ओवीची ओळ म्हणायची, पण पुरी नाही. शेवटचे दोन शब्द सोडून द्यायचे. ते आईनं पलीकडून उचलायचे. त्याला आमच्या घरात ओळीचं शेपूट म्हणतात. शेपूट जवळून आलं तर कळप गोळा आहे. लांबून, बारीक आलं तर मेंढ्या पांगल्यात, आत घ्या. आलंच नाही तर आई कुठंतरी ओढ्यात उतरली असेल, थांबा. स्वतःची ओळ स्वतःच पुरी करायची म्हणजे पलीकडं कुणी नाही असं बोलून दाखवायचं. लहानपणी मी एकदा तसं केलं तेव्हा आई कळप टाकून माझ्याकडं धावत आलती.

वहिनींचं माहेर कडा गावचं. वडील साखर कारखान्यात होते आणि गणपतीत नाटकं बसवायचे, तीही पदं असलेली. त्यामुळं त्यांच्याकडं एक पेटी होती आणि डोक्यात ढीगभर पदं. टीव्हीवर जाहिरात आली की एका नव्या संगीत नाटकाला नायिका हवी आहे आणि ती सगळ्यांसमोर, स्पर्धेतून निवडणार आहेत. वहिनींनी मेंढ्यांमागं गाताना माझं मोबाईलवर शूटिंग केलं आणि मला न विचारता पाठवून दिलं. बोलावणं आलं तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"वहिनी, कावून पाठवलं? नाटक म्हंजे काय ते तरी मला म्हाईत हाय का?"

"म्हाईत न्हाई तर शिकशील. मेंढराला काय जन्मल्याबरुबर लोकर कातरायला येतं का?"

"मेंढरू कातरत न्हाई वहिनी. त्याला कातरत्यात."

"मंग तुला बी कातरतील. जा."

बाबांना काळजी एकच होती, कळपाची एक बाजू उघडी पडेल. वहिनी तळावर येऊन त्यांच्याशी बोलल्या. भावाची बायको माझ्या बाजूला उभी राहील असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या स्वयंपाकघरात माझी शिकवणी लागली. त्या भाकरी थापायच्या, मी चुलीच्या बाजूला बसून पदं म्हणायची. चुकलं की पिठाच्या हातानं थांबवायच्या. संगीत नाटकातलं पद म्हणजे नुसतं गाणं नसतं, बोलता बोलता बाईला बोलवत नाही म्हणून ती गाते, हे त्यांनीच मला सांगितलं.

मुंबईत आले. इथं माझा जीव कायम मुठीत. लिफ्टमधे कोणतं बटण दाबायचं, चहा मागायचा की आपण जाऊन घ्यायचा, सगळ्याची धास्ती. एकच ठरवलं होतं की घाबरून परत जायचं नाही. घालवलं तर जाईन. पण आठवड्यामागून आठवडे गेले आणि मला कुणी घालवलं नाही. माझ्यामागं चार कोरसवाले उभे असायचे, त्यांच्या आवाजात माझा आवाज छान बसतो असं परीक्षक म्हणायचे. करता करता आम्ही दोघीच राहिलो. दुसरी पुण्याकडची, लहानपणापासून गाणं शिकलेली, माझ्याच खोलीत राहणारी. मला केस विंचरून द्यायची आणि म्हणायची, "तू जिंकलीस तर मी महिनाभर बोलणार नाही, आधीच सांगते."

शेवटच्या फेरीला नियम बदलले. नाटकात असतं तसंच सगळं. एक प्रवेश, समोर नायकाचं काम करणारा नट, आणि मग पद. साथीला फक्त ऑर्गन आणि तबला. कोरस नाही. नाटकाचे दिग्दर्शक स्वतः तालीम घेत होते आणि निकालही त्यांच्याच हातात होता. आम्हा दोघींना पद एकच. त्यातली बाई नवऱ्याची वाट बघत असते. पहिली ओळ अशी होती, "उंबऱ्याशी दिवा लावला, तेल उद्याचे घातले."

पहिल्याच तालमीत दिग्दर्शकांनी हात वर करून थांबवलं.

"शब्द पाठ नाहीत?"

"हायेत, सर."

"मग ओळ पुरी का करत नाहीस?"

"केली की, सर."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. मी ऐकलं. "उंबऱ्याशी दिवा लावला, तेल..." आणि पुढं नुसता ऑर्गन. दुसरी ओळ तशीच. तिसरी तशीच. आत्तापर्यंत शेवटचे शब्द कोरसवाले म्हणत आले होते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही. मला तो शब्द ऐकू येत होता, आत, जिथं तो यायला हवा तिथं.

"फायनलला असं झालं तर माझा नाइलाज आहे," दिग्दर्शक म्हणाले. रागानं नाही म्हणाले. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

पुन्हा प्रयत्न केला. शेवट म्हणायचा म्हणून म्हटला तर आवाज असा निघाला की जणू दुसऱ्याचं ताट ओढून जेवतेय. खोलीवर येऊन वहिनींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "चुलीपाशी शेवटचं तर मीच म्हणत होते की. भाकरी थापता थापता. माझ्या बी ध्यानात न्हाई आलं."

"मंग आता?"

"आता मी येते."

तिकडं त्यांच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, मोठा घाट घातला होता. अण्णा तालुक्याच्या राजकारणातले. पाटोद्याच्या बाजारात मोठा पडदा लावायचा, सगळ्यांनी मिळून कार्यक्रम बघायचा, आणि चॅनलवाले शूटिंगला आले की सूनबाईंनी स्टेजवर बसून मुलाखत द्यायची, असं ठरलेलं. त्यांचं काय बोलणं झालं ते वहिनींनी मला नंतर सांगितलं.

"सगळा तालुका हितं येणार, आन घरची सून मुंबईला?"

"तालुक्याला पडदा हाय, अण्णा. तिला कोण हाय?"

सकाळी ट्रॅव्हल्सनं उतरल्या त्या सरळ आमच्या बिल्डिंगवर. गच्चीवर जायची परवानगी पुण्याच्या मैत्रिणीनं काढून दिली, म्हणाली, "मी ऐकणार नाही, कानात गाणी लावून बसते." गच्चीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला वहिनी, मधे पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी. मी ओळ म्हटली आणि सवयीनं सोडली. वहिनींच्या तोंडून शब्द निघालाच. त्यांनी कपाळावर हात मारला.

"माझी बी खोड जाईना झाली," त्या म्हणाल्या, आणि पदराचा बोळा करून तोंडात धरला. हातानं खूण केली, म्हण.

मी म्हणत गेले आणि थांबत गेले. त्या हलल्या नाहीत. मी चिडले. म्हटलं, माझ्यानं होत नाही, तो शब्द माझा नाहीच. त्यांनी तोंडातला पदर काढला.

"तो माझा बी न्हाई. त्या बाईचा हाय. तिनं दिवा लावला, तेल घातलं. ती मधीच थांबली तर तेल कोण घालणार? ओळ हितपर्यंत आणून दे मला. मी घ्यायला येणार न्हाई."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तेच केलं. ऊन चढलं, चादरी वाळून कडक झाल्या. केव्हातरी शब्द माझ्या तोंडातून त्यांच्यापर्यंत गेला. आनंद बिनंद नाही झाला. रानात एकटं असल्यासारखं वाटलं. वहिनींना ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "वाटू दे तसंच. त्या बाईला बी तसंच वाटतंय."

शेवटचा दिवस. पुण्याची मैत्रीण आधी गेली. तिचं पद मी विंगेतून ऐकलं. तिनं गाण्यातली एकही जागा सोडली नाही. टाळ्या लांबत गेल्या. माझी पाळी आली. प्रवेश नीट पार पडला, नटानं निरोप घेतला, ऑर्गन सुरू झाला. पहिली ओळ पुरी म्हटली. दुसरी पुरी म्हटली. तिसऱ्या ओळीला समोरचे दिवे डोळ्यांवर आले, प्रेक्षक दिसेनासे झाले, आणि त्या अंधारात मला रान दिसलं. मी थांबले.

तबलजी पुढं जाईना, हात तसाच धरून राहिला. पुढच्या रांगेत वहिनी होत्या एवढं माहीत होतं. त्यांनी ओठ नुसते हलवले असते तरी मला पुरलं असतं. तिकडून काहीच आलं नाही. सगळं थिएटर माझ्याकडं बघत होतं आणि मला एकच ठाऊक होतं की आता कुणी येणार नाही. मग मी उरलेले दोन शब्द म्हटले. उशिरा, पण पुरे. नंतरच्या ओळी कुणाची वाट न बघता म्हटल्या.

निकालाआधी दिग्दर्शकांनी मला विचारलं, "तिसऱ्या ओळीला थांबलीस. विसरलीस?"

खोटं बोलता आलं असतं. भीती एवढी होती की खोटं सुचलं नाही.

"न्हाई, सर. तिथं माझी आई असती."

कुणीतरी हसलं. दिग्दर्शक हसले नाहीत.

"नाटकात तिथं कुणी नसेल," ते म्हणाले. "वर्षभर, गावोगावी, रोज."

"म्हाईत हाय. म्हणून मंग मीच म्हणलं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल सांगताना ते म्हणाले की एक मुलगी जास्त चांगली गायली, त्याबद्दल कुणाला शंका नको. पण त्या बाईचं एकटेपण त्यांना दुसरीत दिसलं, आणि भूमिका तिची. मग माझ्या नावानं हाक आली. पुण्याची मैत्रीण मला मिठी मारून कानात म्हणाली, "महिना आजपासून मोजायचा." तिचे डोळे भरलेले होते. महिनाभर ती खरंच बोलली नाही, मग फोन करून तासभर बोलली.

आईला कार्यक्रम भावाच्या मोबाईलवर दिसला होता. तळ तेव्हा कड्याच्या बाजूला होता. मी फोन केला तेव्हा तिनं विचारलं, "जेवलीस का?" मग म्हणाली, "तू थांबलीस तवा मी हिकडून म्हणलं. मेंढरं दचकली. तुला काय ऐकू गेलं न्हाई."

"न्हाई गेलं, आई."

"मंग बरंच झालं," ती म्हणाली.

पाटोद्यात फलक निकालाच्या आधीच लागले होते. वर अण्णांचा फोटो, खाली माझा, आकारानं निम्मा, आणि मधे विजेती म्हणून अभिनंदन. वहिनींनी नंतर त्यांना विचारलं, पोरगी हरली असती तर फलकाचं काय केलं असतं? अण्णा म्हणाले, "माझा फोटू तर खरा हाय की." वहिनी मुंबईला गेल्या म्हणून सुनेशी धरलेला अबोला त्यांनी त्यानंतर सोडला.

मुंबईहून परत निघालेल्या वहिनींना मी ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला गेले. बस यायची होती. त्या पिशवीवर बसून घाम पुसत होत्या. सहज म्हणाल्या, "माझं लग्न ठरलं त्या साली गणपतीच्या नाटकात मला बी नायिकेचं काम दिलं होतं. तालमी झाल्या. पण सोयरीक झाली, साखरपुडा झाला, आन सासरकडच्यांना विचारायचं कुणी? राह्यलं मंग. दुसऱ्या पोरीनं केलं. चांगलं केलं तिनं." एवढं बोलून बस कोणत्या बाजूनं येते ते बघायला उठल्या. तक्रार नव्हती. मला एवढं सगळं शिकवताना त्यांनी हे एकदाही सांगितलं नव्हतं.

आता रोज तालीम असते. धास्ती गेलेली नाही. रोज सकाळी वाटतं आज घालवतील. तरी मी उभी राहते. नाटकाचे प्रयोग सुरू होतील, वर्ष जाईल, कदाचित दोन जातील. त्यानंतर मी कड्याला जाणार आहे. तिथं गणपतीत नाटक उभं करायचं, पदांचं, आणि नायिका वहिनी. वय झालं म्हणतील, अण्णा काय म्हणतील म्हणतील. मी अण्णांना फलकावर सगळ्यात वर ठेवीन. वहिनींना मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही, त्या हसून उडवून लावतील. पण वहिनी, तुम्ही हे कधी वाचलंत तर तुमच्या पेटीची हवा तपासून ठेवा. तुमचं राहून गेलेलं काम मी तुम्हाला परत देणार आहे.