डालग्यावर वाळलेल्या चादरी

खरं सांगते, मिशनच्या दवाखान्यात मला धुणाखोली दिली तेव्हा मला देवाचाच राग आला होता. मी लिहायवाचायला शिकले होते, गळा बरा होता, आणि घरोघर जाऊन बायकांना प्रभूचं वचन सांगणारी बायबलबाई व्हायचं माझ्या मनात होतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पावसात चादरी वाळत नाहीत, रोग्यांचे हाल होतात. हे काम तू बघ." झालं. पुस्तक ट्रंकेत गेलं आणि मी हंड्यापाशी गेले. चादरी रोगाचे जंतू मरावेत म्हणून कार्बोलिक घालून उकळायच्या, आपटायच्या, पिळायच्या. माझी जीभ मुळातच तिखट. हंड्याखाली लाकडं सारताना मी देवाला ऐकवायची, की धुणंच धुवायचं होतं तर त्यासाठी बाप्तिस्मा कशाला घेतला, आमच्या गावच्या पऱ्यावर, ओढ्याकाठी, धुवायला काय दगड कमी होते?

धुणं एकवेळ सोपं, वाळवणं कठीण. आषाढात रत्नागिरीत भिंतींनासुद्धा पाणी सुटतं, तिथे चादरीची काय कथा. मग मी आमच्या आईची रीत धरली. कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालगं असतं ना, ते निखाऱ्यांवर पालथं घालायचं आणि त्यावर कपडा पसरायचा. घरात तान्हं मूल असलं की आई दुपटी अशीच शेकवायची. निखाऱ्यांत सगळ्या बायका चिमूटभर ओवा टाकतात, आई वर दोन तिरफळंही टाकायची, कारण परसात तिरफळाचं झाड होतं आणि तिला तो वास आवडायचा. मीही टाकायची, सवयीने. आमटीत पडायची ती तिरफळं चादरीखाली जळू लागली म्हणून स्वैपाकीणबाई माझ्यावर करवादायची.

अशातच एके सकाळी पावसात एक डोली आली आणि डोलीत माझा दादा होता. दादा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ, आमचं गाव हातखंब्याच्या पलीकडे. मुंबईला गिरणीत असायचा आणि आगबोटी बंद व्हायच्या आत लावणीसाठी घरी यायचा. मी विधवा झाले, मिशनच्या आश्रयाला आले, ख्रिस्ती झाले, तेव्हा त्याने चारचौघांत सांगितलं होतं की आम्हाला बहीण नाही. त्यानंतर आई गेली तेही मला परक्याकडून कळलं. आता तो विषमज्वराने सुकून काठी झाला होता आणि वहिनी डोलीच्या मागे भिजत उभी होती.

मी पाण्याचा पेला घेऊन धावले. दादाने डोळे उघडले, मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "मना नको तिच्या हातचं पानी," एवढंच वहिनीला म्हणाला. वहिनी रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेलं आणि समजावलं, की त्याला त्रास होईल असं काही नको, तू त्याच्यासमोर जाऊ नकोस. ताप उतरेल की नाही हे त्याही सांगू शकत नव्हत्या. मी धुणाखोलीत येऊन पदर तोंडात कोंबून रडले. माझ्या सख्ख्या भावाला मरताना पाणी घालायची सोय नाही, आणि मी निघाले होते जगाला वचन सांगायला.

पण त्याच्या चादरी माझ्याकडेच येत होत्या. घाम यायचा, अंथरूण खराब व्हायचं, दिवसातून कितीदा तरी बदलावं लागायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून चादर कोरडी ठणठणीत हवी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हा वाटलं, असू दे, हातचं पाणी नको तर नको, हातची चादर तरी त्याच्या अंगाखाली आहे. त्या दिवसापासून कामावरचा माझा राग कुठे गेला ते मला समजलंच नाही. मी प्रत्येक चादर डालग्यावर उलटसुलट करायची, गालाला लावून ओल बघायची आणि घडी घालताना त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच.

आणि नेमकं जळण संपलं. पावसाने उसंत घेतली नव्हती, लाकडं ओली, नारळाची सोडणंही संपली. ओल्या लाकडाचा नुसता धूर होत होता. दादाचा ताप त्या दिवशी फार चढला होता, आणि दोरीवर त्याच्या चादरी मेलेल्या माशांसारख्या लोंबत होत्या. फुंकून फुंकून माझे डोळे गेले. शेवटी मी फुंकणी टाकली आणि म्हटलं, "प्रभू, माझ्याने होईल तेवढं केलं. आता हा भाऊ तुझा आणि ही चूलही तुझी." रागाने नाही म्हटलं. थकून म्हटलं.

थोड्या वेळाने दारात इरलं पांघरलेला एक माणूस उभा. मांडवी बंदराकडचा खारवी, मासे मारणारा असावा. डोक्यावर सोडणांचा भारा, वर झावळ्या घालून कोरडा राखलेला. "माळा साफ केला, बाय. ही ठेवायला जागा नाय. हितं धूर दिसला, म्हटलं कामाला येतील." भारा ठेवला आणि पेज पिऊन जा म्हणेपर्यंत तो पावसात दिसेनासाही झाला. पुढे मी मांडवीला चौकशी केली, पण इरल्याखालचा माणूस कोण म्हणून सांगणार? कोणी हसले, कोणी म्हणाले कोणीही असेल. मीही वाद घालत नाही. सोडणं कोरडी होती, पेटली, आणि चादरी वाळल्या, एवढं मला माहीत आहे.

तो भारा संपायच्या आत दादाचा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी वहिनी धुणाखोलीच्या दारात आली. "वन्सं, तुम्हाला बोलवलंय." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी तशीच ओल्या लुगड्याने गेले आणि दारातच थांबले. दादाने चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती.

"ह्या चादरी तू शेकवतंस?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

"आयशीच्या डालग्याचा वास येतो गो. तापात मना वाटायचं, आयस बाजूला बसलीय. म्हनून मी पडून ऱ्हायलो, नायतर कधीच उठून पळालो असतो." मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "पानी दे तिच्या हातात."

मी पेला धरला. त्याच्या तोंडाशी न्यायच्या घाईत अर्धं पाणी चादरीवर सांडलं. "सांड, सांड," दादा म्हणाला, "वाळवायला तूच हायस." आणि उरलेलं सगळं पाणी प्यायला.

दादा त्याच्या देवाला भजतो, मी माझ्या. त्यावरून आमचं पुन्हा भांडण झालं नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी मला बायबलबाई व्हायचं का म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं की उन्हाळ्यात जाईन, पावसाळ्यात मात्र मला माझ्या डालग्यापाशी राहू द्या. अजून तसंच चाललं आहे आणि मी सुखात आहे. प्रभूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले आणि पुसले, हे मी गावोगाव सांगते. पण तो ओला रुमाल मागाहून कोणी वाळवला, ते कुठे सांगितलेलं नाही. कोणीतरी वाळवला असेलच. त्या कोणाच्या तरी शेजारी मला बसायला जागा मिळाली, हे त्याचे केवढे उपकार. दरवर्षी दिवाळीनंतर गावाकडचं कोणी आलं की दादा वहिनीला सांगून त्याच्याबरोबर पुरचुंडी पाठवतो, आमच्या परसातल्या तिरफळांची. निरोप एकच असतो: आमटीत घालून संपवू नकोस.