ग्रहणातली पावशी

नागपूरहून पुण्याची ट्रॅव्हल्स सुटायला आली, तेव्हा आईने जुन्या टॉवेलात गुंडाळलेली पावशी माझ्या बॅगेत कोंबली. पुण्यात हिला विळी म्हणतात, हे मला नंतर कळलं. पोचवायला आलेली शेजारीण म्हणाली, लेकीला धारेचं लोखंड देऊ नये, नातं तुटतं. आई म्हणाली, "म्हणूनच देऊन राहिली मी." माझ्या नवऱ्याला, विनयला, हिंजवडीत नोकरी लागली होती आणि कोथरूडमध्ये आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला होता. ती जड बॅग मांडीवर घेऊन मी रात्रभर बसले.

तुम्ही नातलग जे भंडाऱ्यालाच राहिलात, तुम्हाला आईची ग्रहणं आठवत असतील. आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, देव्हारा नदीत सोडला, आणि तेव्हापासून आमच्याकडे ग्रहण पाळणं बंद झालं. आईने त्याचा सणच केला. सगळी गल्ली दारं लावून आत बसायची आणि ही ओट्यावर पावशी मांडून वांगी चिरायची. माझ्या वेळी पोट पुढे आलेलं, तरी चिरली. पुढे कुणी म्हणालं, की पोटुशीने ग्रहणात चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, की आई माझी हनुवटी धरून मला पुढे करायची. "पाहा, कुठं फाटला?" मी तिचा पुरावा होते, आणि तोऱ्यात मिरवायचेही.

म्हणून मला दिवस गेले आणि ग्रहण आलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिकडे तिने आणि इकडे मी वांगी चिरली. उघड्या दारातून समोरच्या काकूंनी पाहिलं आणि मला बजावलं. आम्ही मायलेकी त्यावर पोट धरून हसलो.

मुदिता जन्मली ती फाटलेला ओठ आणि बिघडलेलं हृदय घेऊन. सोनोग्राफीत ते निसटलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा समजावलं, की हे पहिल्या काही आठवड्यांतच घडून जातं. ग्रहण आलं होतं सातव्या महिन्यात. मला ते कळत होतं, पण रात्री हात आपोआप नाकाशी जात, जणू वांग्यांचा वास अजून बोटांना चिकटलेला. काचेच्या पेटीत नळ्यांशी झगडत ती जेमतेम आठवडाभर जगली. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. विनयने माती लोटणाऱ्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि दांडा मोडेपर्यंत दगडावर आपटलं. बुद्धाला शरण जाण्याचं त्रिशरण माझ्या आईने म्हणायचं होतं. तिने हात जोडले आणि तसेच खाली सोडले.

मग एका सकाळी दारातली दुधाची पिशवी घ्यायला वाकले, तर समोरच्या काकू म्हणाल्या, "तुमच्यात पाळत नाहीत, ठाऊक आहे हो. पण एक दिवस विळी आडवी ठेवली असती, तर काही बिघडलं नसतं." किती शांतपणे, किती शुद्ध मराठीत! मी ती पिशवी त्यांच्या दारावर फेकून मारली. ती फुटली, तोरणावरून दूध ओघळलं. माझ्या छातीतही अजून दूध उतरत होतं आणि प्यायला कुणी नव्हतं. मला त्यांचा गळा धरायचा होता. विनयने मला कमरेला धरून आत ओढलं.

पुन्हा दिवस गेले. आई मदतीला आली, आणि पुन्हा ग्रहण आलं. त्या दिवशी ओट्यावर पावशी नव्हती. सुरी नव्हती, कात्री नव्हती, सुईसुद्धा नव्हती. आई म्हणाली, "आज खिचडीच करू ना वं. तिले काय चिरा लागते?"

माझ्या डोक्यात स्फोट झाला. पावशी लपवली म्हणजे मुदिताला मी मारलं, हेच तिने मान्य केलं होतं. मी कपाटं उपसली, डबे भिरकावले, कणीक घरभर झाली. शेवटी तिच्या गादीखाली तोच टॉवेल सापडला. ती झडप घालून आली. सात महिन्यांची पोटुशी मी आणि साठीची ती, दोघी त्या टॉवेलासाठी कुत्र्यांसारख्या भांडलो. "सोड!" "नाही सोडत!" मी हिसका दिला आणि पातं तिच्या तळहातातून गेलं.

पांढऱ्या फरशीवर रक्त पाहून दोघी खाली बसलो. आई पहिल्यांदा रडली. "मानत नाही वं मी हे. पण मले भेव वाटते. आजवर तुले दाखवत आली साऱ्यायले. आता कोणाले दाखवू?" मी म्हणाले, "भीती मलाही वाटते." मी तिचा हात बांधला. मग ती म्हणाली, "आण वांगे." तिने पायाने पावशी दाबून धरली आणि मी वांगी चिरली. समोरचं दार उघडं होतं, आमचंही मी उघडं ठेवलं.

मुलगी झाली. नामकरणाला तुमच्यापैकी बरेच जण आलात. मामेबहीण ओरडली, "पाहा आत्या, कशी धडधाकट आहे! दाखवा आता त्या समोरच्या बाईले!" सवयीने आईचा हात बाळाच्या हनुवटीकडे गेला. तळहातावरचा वण मला दिसला. मग तिने हात मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "हिले पुरावा केलं, तं मुदिता काय ठरते?"

तुम्ही फोनवर विचारता, घरी परत कधी येणार? येऊ की, सुट्टीत येऊ. पण माझी थोरली इथल्या मातीत आहे, आणि आई आता इथेच राहते. पावशी ओट्यावर उघडी असते.