लाईट घालवली, फोन चालला

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल. जन्मभर कॉलेजात पोरांना वीज शिकवली मी, आणि फजिती झाली ती विजेपायीच!

आमचा घरचा फोन आता इंटरनेटवर चालतो. म्हणजे लाईट गेली की राउटर बंद आणि फोन मुका. मोबाईलला घरात रेंज नाही. पुण्याहून मीनलने, आमच्या मुलीने, बजावलं होतं, "बाबा, आणखी एकदा फोन लागला नाही, तर तुम्हा दोघांना उचलून इकडे आणीन."

पुण्याला! बाराव्या मजल्यावर बसून मी करू काय?

इलेक्ट्रिशियन बोलावून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. हॉलचा पंखा आणि ट्यूब आधीपासून त्यावर होतेच. पण वेळेला चालेल कशावरून? लाईट जाते ती बाहेरून, तेव्हा चाचणीही बाहेरूनच हवी! भर दुपारी पार्किंगमध्ये उतरलो. रंगकामानंतर मीटरवरचे नंबर झाकले गेलेत. डावीकडून मोजलं आणि आमचा स्विच बंद केला. उजवीकडूनही मोजावं असं मनात आलं होतं. पण म्हटलं, किती त्या शंका!

वर आलो. पंखा चालू, ट्यूब चालू, राउटर चालू! लगेच मीनलला फोन.

"ओळख, आत्ता आपल्याकडे काय नाहीये?"

"काय?"

"लाईट! आणि आवाज बघ कसा खणखणीत!"

"कमाल केलीत बाबा! मग पुण्याचा विषय बंद."

मी हवेत! बराच वेळ तिला इन्व्हर्टरचं शास्त्र समजावत बसलो. बिचारी ऐकत होती. एवढ्यात स्वयंपाकघरातून घर्रर्र...

"आवाज कसला हो?"

"काही नाही गं, आई शेंगदाण्याची चटणी करतेय."

"मिक्सरवर?"

"मग काय पाट्यावर?"

"लाईट नसताना?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिक्सर इन्व्हर्टरवर नव्हता हो!

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे पगारे. ओझरच्या कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी झोपणारा माणूस. बनियन घामाने चिंब, वारा घ्यायला हातात पुठ्ठा.

"सर, तुमची लाईट आहे? आमचीच गेलीय. लय उकडतंय हो! तुम्ही विजेचे प्रोफेसर, जरा खाली येऊन मीटर बघता का?"

"मघाशीच... बघून आलो," मी पुटपुटलो.

फोन अजून चालूच होता. खणखणीत! मीनलने सगळं ऐकलं होतं. हसू कसंबसं आवरून म्हणाली, "बाबा, तुम्ही नाशिकलाच राहा. आमच्या टॉवरखाली फार मीटर आहेत!"