दगडी बुद्धापुढं सात जोड चपला

पंच्याऐंशीच्या उन्हाळी सुट्टीत घरातली सहा पोरं घेऊन मी एकटीच सौंसरहून बसनं नागपूरचं म्युझियम दाखवायला निघाले. सासू म्हणाली, "एखादं हरपवशीन तू."

"मोजून नेतो, मोजून आणतो," मी म्हटलं.

भुसा भरलेल्या वाघापुढं पोरं चिडीचूप होती. पुढच्या दालनात दगडी बुद्धमूर्ती दिसली, तशी कोणी न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि आमच्या विहारात म्हणतात तसं मोठ्यानं त्रिशरण सुरू केलं.

पहारेकरी धावत आला. "बाई, हे म्युझियम हाय, विहार नाही. गप करा पोरायले."

सकाळपासून गप बसा म्हणून मीच त्यांच्यावर खेकसत होते.

"त्रिशरण म्हणून राहिली ना पोरं? पंचशील होऊ द्या, मंग गप होतीन," मी म्हटलं, आणि माझ्याही चपला काढल्या.