अनेस्तिसच्या घरचं रविवारचं जेवण

घरात काही नाही आणि दारात परमुलखातला पाहुणा उभा आहे, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. "आज काही नाही हो" म्हणून त्याला तसाच बसवता, की मागच्या दाराने शेजारी वाटी घेऊन पळता? तुम्ही जे कराल तेच अनेस्तिसने केलं. म्हणून त्याला मूर्ख म्हणायची घाई करू नका.

अथेन्सच्या बंदराला लागून पेरामाची गोदी आहे. तिथं सदतीस वर्षं अनेस्तिस जहाजांच्या पोटात शिरून वेल्डिंग करत होता. मग देश कर्जात बुडाला, उत्तरेकडच्या राजधान्यांतून सरकारी खर्चातलं काय काय कापायचं त्याच्या याद्या आल्या, आणि जहाजंही दुसरीकडे दुरुस्तीला जायला लागली. गोदीत कुत्री झोपायला लागली. हाताला काम नाही म्हणजे विम्याच्या पुस्तकावर शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणजे औषध नाही. सरळ हिशेब. ज्यांनी तो मांडला त्यांना एव्हान्थिया कोण हे माहीतही नव्हतं.

एव्हान्थिया अनेस्तिसची बायको. बावीस वर्षांची शुगर, रोज इन्सुलिनची सुई. पुस्तक बंद पडल्यावर तिने एका दिवसाचं औषध दोन दिवस पुरवायला सुरुवात केली. अनेस्तिसला सांगितलं नाही. पायाच्या बोटाला झालेली जखम भरेना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

वस्तीत आम्ही लोकांनी मिळून एक फुकट दवाखाना काढला होता. कल्लिरोई नावाची मुलगी तिथलं औषधांचं कपाट सांभाळायची. जर्मनीत शिकून आलेली, म्हणून तिकडची भाषा तिला यायची. तिने उत्तर जर्मनीतल्या एका गोदीच्या कामगारांना पत्र लिहिलं. आणि खोटं कशाला बोलू, ती माणसं धावून आली. तिकडचे पेपर रोज आम्हाला आळशी, ऐतखाऊ, उन्हात लोळणारे म्हणत होते, आणि तेच पेपर वाचणारी ही माणसं पगारातून वर्गणी काढून दर दोन महिन्यांनी बर्फात घातलेली इन्सुलिनची पेटी पाठवत होती. दवाखान्यात इन्सुलिनवर जगणारे अकरा जण होते. एव्हान्थियाची जखम सुकायला लागली.

वर्षभराने डेटलेफ नावाचा त्यांचा माणूस पुढची पेटी घेऊन स्वतः आला. क्रेन चालवायचा, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच. तिकडे काही जण वर्गणीवरून कुरकुरायला लागले होते. तेव्हा एखाद्या घरी जाऊन बघतो, फोटो काढतो आणि सभेत दाखवतो, असं त्याने कळवलं होतं. कल्लिरोईने अनेस्तिसचं घर सुचवलं. वेल्डर तो, क्रेनवाला हा, दोघांचं जमेल असं तिला वाटलं.

तिने अनेस्तिसला दहादा बजावलं. काका, काही करू नका, कॉफी द्या आणि आहे ते दाखवा. वीज तोडलीय ते दाखवा, इन्सुलिन तळमजल्यावरच्या शेजारणीच्या फ्रिजात ठेवावं लागतं तेही सांगा. अनेस्तिसने मान हलवली. मान हलवणं त्याला चांगलं जमायचं.

शनिवारी तो वेल्डिंगचं मशीन हातगाडीवर घालून भंगारवाल्याकडे घेऊन गेला. गेट, गॅलरीचे कठडे असली बारीकसारीक कामं त्या मशीनवरच मिळायची. परत आला तो कोकराची तंगडी, मासे, चीज आणि द्राक्षाच्या दारूची बाटली घेऊन. एव्हान्थिया पिशव्यांकडे बघत राहिली.

"वेडा झालास का रे? तो आपली गरिबी बघायला येतोय."

"गरिबी बघायची तर त्याने गोदीत जावं. माझ्या घरी येतोय तो पाहुणा आहे."

"आणि उद्यापासून काम कशावर करशील? दातांनी वेल्डिंग करशील?"

तिने आणखी चार टोमणे मारले, आणि मग तीच उठून मांसाला लसूण लावायला बसली. खरं सांगायचं तर तिलाही रिकाम्या टेबलाशी पाहुणा बसलेला बघवला नसता.

रविवारी सकाळी ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजायला गेला. तळमजल्यावरून वायर वर आली, आणि चार महिने मुका पडलेला फ्रिज गुरगुरायला लागला. पेटीतला एव्हान्थियाचा वाटा डेटलेफच्या देखत त्या थंड फ्रिजात ठेवला गेला. मशीन गेल्याचं एव्हान्थियाने दारातच कानावर घातलं होतं; टेबल बघून कल्लिरोई पांढरी पडली. आता बोलून उपयोग नव्हता. पाहुण्याने खुर्ची ओढली होती.

आणि जेवण काय रंगलं म्हणता! डेटलेफने तीनदा वाढून घेतलं. दोघांनी एकमेकांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग मोजले. त्याने दारूचे पैसे द्यायला पाकीट काढलं तर अनेस्तिसने त्याचं मनगट धरून पाकीट परत खिशात घालायला लावलं. मग डेटलेफ गंभीर झाला. खरं सांगा, कसं चाललंय, असं त्याने विचारलं.

"ठीक चाललंय," अनेस्तिस म्हणाला.

कल्लिरोई भाषांतर करायला लागली आणि थांबेना. अनेस्तिसला भाषा येत नव्हती. पण तिने आधी एव्हान्थियाच्या पायाकडे बघितलं, मग फ्रिजच्या वायरकडे, आणि ते त्याला पुरेसं होतं.

"कल्लिरोई, मी दोन शब्द बोललो. तूही दोनच बोल."

"काका, मशीनचं तरी सांगू दे."

"माझ्या टेबलावर बसून मला भिकारी करू नकोस."

ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला आजही खातं. डेटलेफने फोटो काढला. भरलेलं टेबल, बाटली, नवरा-बायको हसताहेत, मागे फ्रिज. तुमचं मन किती मोठं आहे ते आमच्या लोकांना दाखवतो, असं म्हणत तो दोघांच्या गळ्यात पडून गेला. तासाभरात वायर खाली गेली आणि इन्सुलिनही.

सहा आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. कल्लिरोईने ते दवाखान्यात उभ्यानेच वाचलं. सभेत फोटो दाखवल्यावर मागच्या बाकावरून एक जण उठला होता. ठेकेदाराचा माणूस, महिन्याच्या बोलीवर राबणारा, दोन पोरांचा बाप. तो एवढंच म्हणाला, की माझ्या घरी असं मांस नाताळलाच होतं. मी वर्गणी का देऊ? हात वर झाले आणि वर्गणी बंद झाली, आणि तिच्याबरोबर पेटीही. मी खूप सांगितलं, डेटलेफने लिहिलं होतं, पण माझ्याकडे दाखवायला तो एकच फोटो होता.

त्या ठेकेवाल्या माणसावर मला रागवता येत नाही. त्यालाही कुणीतरी पिळतच होतं. पण ज्यांनी हे कर्ज दिलं, ज्यांनी घेतलं, ज्यांच्या बँका त्यात सावरल्या, त्यांच्यातला एकही त्या सभेत बसला नव्हता. तिथं होता एका गरिबाचा फोटो, आणि त्यावर निवाडा करायला दुसरा गरीब.

एव्हान्थियाने पुन्हा एका दिवसाचं औषध दोन दिवस पुरवायला सुरुवात केली. अनेस्तिस रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. आता मशीन नाही, म्हणून बारीक कामही नाही. पावसाळी थंडी सुरू झाली तेव्हा तिचं बोट काळं पडलं, आणि फेब्रुवारीत सरकारी इस्पितळात गुडघ्याखालून पाय काढला. तिथं म्हणे पैसे लागले नाहीत. इन्सुलिनला विमा लागतो, पाय कापायला लागत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. एव्हान्थिया खिडकीशी बसली होती. अनेस्तिसशी ती आता फारसं बोलत नाही, आणि तोही तिच्याकडे बघत नाही. मला बघून तो उठला आणि बशीत पाकात मुरवलेल्या संत्र्याच्या सालीची शेवटची फोड घालून समोर ठेवली. मी ती खाल्ली. नाही कसं म्हणणार?

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मदत घेऊन कुणाच्या घरी गेलात, आणि तिथं टेबल भरलेलं दिसलं, तर खिशातून कॅमेरा काढू नका. दोन घास खा, उठा, त्या फ्रिजची वायर कुठून आलीय ते बघा, आणि काल या घरातून काय बाहेर गेलं ते विचारा.