टोपलीतलं नाव

मिंडा आजीला माती द्यायची होती त्या दिवशी खाडीचं पाणी पहिल्यांदाच शिंपल्यांच्या कुंपणाला येऊन टेकलं. ओडेलाने ते पाहिलं. कुंपणाच्या आत ओना बेटावरची सगळी गेलेली माणसं होती, थडग्यांवर त्यांचे शेवटचे कप आणि बंद पडलेली घड्याळं. आजी होती तोवर मोठ्या भरतीला ती काठावर गवताची टोपली विणत बसायची, तोंडाने काहीतरी गुणगुणायची आणि पाणी मुकाट मागे फिरायचं. बेटावर कुणाला याचं नवल नव्हतं. एखादीच्या हाताला भात चांगला होतो, तसं मिंडाचं पाणी ऐकतं, एवढंच.

ही विद्या आता ओडेलाकडे येणार, असं सगळे धरूनच चालले होते. सोळा वर्षांची पोर, आई गेल्यापासून आजीपाशी वाढलेली. आजीची बोटं आखडली तेव्हा गवत तिने कापलं, आजीला पाठीवर घेऊन काठावर तिनेच नेलं. विद्या पुढे द्यायची रीत अशी की घराण्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीला शवपेटीवरून एकीने दुसरीच्या हातात द्यायचं आणि घेणारीने त्या मुलीचं टोपलीतलं नाव मोठ्याने घ्यायचं. मूल गवताच्या टोपलीत असताना ठेवतात ते नाव. शाळेतलं नाव वेगळं. ते मेलेल्यांना कळत नाही.

तेवढ्यात थॅडियस मामाची गाडी आली. मागून त्याची मुलगी कॅमरिन उतरली.

"आली अटलांटाची महाराणी," शेजारच्या लर्लीन काकू पुटपुटल्या. "बूट बघ. वाळूतून एकेक पाऊल उपटून काढतेय."

मामाने चर्चच्या म्हाताऱ्या डीकनांना गाठलं, आडवळण घेतलं नाही. "डीकन, कॅमरिन ओडेलापेक्षा चार महिन्यांनी धाकटी आहे. रीत म्हणजे रीत."

"पोरगी जन्मली तेव्हा तुला हीच रीत अडाणी वाटत होती रे," काकू म्हणाल्या.

"तेव्हा मी चुकलो."

डीकनांनी काठीने वाळू उकरली. मग म्हणाले, "ओडेला, बाळा, रीत मोडली तर पाणी कुणाचंच ऐकणार नाही. आजीने हिचं नाव तुलाच सांगितलंय. पलीकडे तू उभी राहा."

ओडेला घराच्या निळ्या ओसरीत जाऊन बसली. कॅमरिन मागोमाग आली.

"तुला राग आलाय."

"तुमच्या त्या विद्यालयात जादू शिकवतात म्हणे. तिथे नाही मिळाली वाटतं?"

"मला घराण्याच्या नावावर घेतलं. हातात काहीच नाही माझ्या. या हिवाळ्यात दाखवता आलं नाही तर काढतील." कॅमरिन खाली पायरीवर बसली. "गोऱ्या मुलींना कुणी विचारत नाही तुझी विद्या कुठली म्हणून. मला रोज विचारतात. मी सांगते, बेटावरची. आणि बेटावर मी दोनदा आलेय."

"मला तर तुमच्या शाळेने एकदाही विचारलं नाही. पाणी अडवणं तुमच्या अभ्यासात बसत नाही ना!" ओडेला म्हणाली. "विद्या घेशील आणि निघून जाशील. मग भरतीला इथे कोण बसणार?"

"येत जाईन ना मी."

ती येणार नाही, हे ओडेलाला दिसत होतं. तिलाही दिसत असावं.

"माझं टोपलीतलं नाव काय आहे?"

ओडेलाने क्षणभर पाण्याकडे पाहिलं. "टुटू."

"टुटू," कॅमरिनने हळूच म्हणून पाहिलं. "छान आहे."

माती देण्याची वेळ झाली. पेटी खड्ड्याच्या कडेला ठेवली होती. सोळा वर्षांच्या मुलीला उचलायचं म्हणजे दोघी लागल्या. "हे बाळ आहे की होडी गं?" लर्लीन काकू धापा टाकत म्हणाल्या आणि रडणाऱ्या बायकाही हसल्या. ओडेलाने पलीकडून हात पुढे केले. चुकीचं नाव घेतलं की विद्या कॅमरिनकडे जायची नाही, आजीपाशीच घुटमळेल, आणि मग आपल्याला मागून घेता येईल, असा तिचा हिशेब होता.

कॅमरिनने बूट काढून ठेवले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पेटीवर येताच तिने डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "आजी, मी टुटू. ओळखलंस ना मला?"

"काय म्हणाली ही?" काकू दचकल्या.

ते वजन ओडेलाच्या हातात येत होतं, गरम, थरथरणारं.

"मिंडा आजी," ती ओरडली, "ही कुंबा! तुझी कुंबा!"

कॅमरिनच्या अंगातून एक शिरशिरी गेली, ती ओडेलाच्याही हातांना जाणवली. कुंपणाला टेकलेलं पाणी सरकन मागे गेलं. बायकांनी गाणं सुरू केलं. ओडेला मात्र रिकामे हात घेऊन उभी राहिली.

मामा जेवायलाही थांबला नाही. लाल भाताचं पातेलं तसंच राहिलं. गाडी पुलाच्या रस्त्याला लागली आणि ओसरीतून कुणीतरी किंचाळलं.

खाडी उठली होती. चिखल उघडा टाकून सगळं पाणी थडग्यांच्या कडेने रस्त्यावर चढलं आणि मालकामागे कुत्रं धावावं तसं गाडीमागे निघालं. एक कप तरंगत गेला. ओडेला गुडघाभर पाण्यातून धावत सुटली. तिने आजीचं गाणं म्हणून पाहिलं. पाण्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

गाडी थांबली. कॅमरिन अनवाणीच उतरली. "हे माझ्या मागे का येतंय?"

"तू थांब म्हणालीच नाहीस त्याला."

"कसं म्हणायचं?"

मामाने हॉर्न वाजवला. "कॅमरिन, गाडीत बस!"

"टुटू कोण होती?" कॅमरिनने एकदम विचारलं.

"लर्लीन काकूंची बकरी."

कॅमरिन तिच्याकडे बघत राहिली. पाणी तिच्या घोट्यांशी लगट करत होतं.

ओडेलाच्या परकराच्या खिशात आजीच्या अर्धवट टोपलीचं गवत होतं. ते आपल्यासाठी जपून ठेवलं होतं तिने. "काठावर चल," ती म्हणाली, "आणि हे धर. डाव्या अंगठ्याखाली घट्ट. उजव्या नाही, डाव्या."

मामा हॉर्न वाजवतच होता. कॅमरिनने एकदा गाडीकडे पाहिलं आणि गवत हातात घेतलं. उद्या ती इथे असेल की नाही, हे ओडेलाला ठाऊक नव्हतं. त्या परक्या, मऊ बोटांवर आपली बोटं ठेवून ती आजीचं गाणं पहिल्यापासून म्हणू लागली.