तिसरं शील, चौथं शील

नववीत शाळा सुटली आणि हदगावकडच्या आमच्या खेड्यातून मी लातूरला आलो. खिडक्यांच्या ग्रिल बनवायच्या दुकानात वेल्डिंग शिकलो, आजही तेच करून राहिलो. विहाराच्या मागं मावशीची खोली भाड्यानं घेतली. मावशी म्हणजे आमची घरमालकीण आणि विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. खोलीत मी आणि माझा जोडीदार. तो टेलरकाम करतो. मावशीला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, हा माझा मावसभाऊ. पुढं तेच वस्तीभर झालं.

एका वकील ताईच्या घरी ग्रिल बसवायला गेलो, तिथं ओळख झाली. दोन बायांचं, दोन पुरुषांचं लग्न कायद्यात बसावं म्हणून ती आणि तिची मंडळी गावोगाव बोलत होती. ती म्हणायची, "कोर्टानं हे संसदेवर सोडलंय. अन् मतं मागणारे आधी देवळात, मशिदीत, विहारात जातात. मग आपणही तिथंच जायचं." एका कीर्तनकार महाराजांनी तिला चहा पाजला आणि विषय बदलला. आमच्या विहारात ती आली ती थेट भंतेजींकडं. भंतेजी शांतपणे म्हणाले, "मी घर सोडलेला माणूस. लग्न लावणं माझ्याकडं नसतं. बौद्धाचार्यांना विचारा."

आमच्यात लग्न भंतेजी नाही, बौद्धाचार्य लावतात, हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. पण मी ताईला आधी बोललो नाही. बोललो असतो तर ती म्हणाली असती, तूच घेऊन चल. आणि मग वस्ती विचारणार, तुला का एवढी फिकीर?

बौद्धाचार्य काका हे एसटीतून रिटायर झालेले. वस्तीतली निम्मी लग्नं त्यांनीच लावलेली. ते म्हणाले, "वर्षावास चालू हाय, पावसाळाभर धम्मग्रंथ वाचतो आमी. रविवारी वाचन झालं की बाया-माणसं थांबत्यात. तवा बोला."

त्या रविवारी त्रिशरण-पंचशील झालं, वाचन झालं. ताई बोलली, साधं आणि थोडक्यात. मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. जोडीदाराला मी मुद्दाम घरीच ठेवलं होतं, दोघं एका जागी दिसायला नको म्हणून.

पुढं बसलेले एक आजोबा उठले. "बाई, हे सगळं पुन्या-मुंबईचं हाय. आमच्यात कुटं हायेत असली पोरं? अन् असली तर तिसरं शील मोडतंय की. आत्ताच म्हनलं ना आपन, कामवासनेचा अनाचार करनार न्हाई?"

दोनचार माना हलल्या. ताईनं काकांकडं पाहिलं, काकांनी चष्मा पुसायला काढला. मला वाटलं, आता उठलो नाही तर ही गोष्ट इथंच मिटणार. आणि उठलो तर खोली जाणार, विहार जाणार, सोयऱ्या-धायऱ्यांतून हदगावपर्यंत बातमी जाणार.

मी कसा उठलो ते मलाच सांगता येत नाही. म्हणालो, "आजोबा, मी हाय. माझ्यासोबत राहतो तो माझा मावसभाऊ न्हाई. जोडीदार हाय."

पुढं बसलेली मावशी माझ्याकडं फिरून बसली.

"म्हंजे तू माझ्याशी खोटं बोलला?"

"हाव, मावशी."

"इतकी वर्षं? दर पुनवेला माझ्या शेजारी हात जोडून चौथं शील म्हनतो, खोटं बोलनार न्हाई. अन् माझ्याच खोलीत खोटं? तुज्या भावाला ताप आला तवा रात-रात जागले मी. भाऊ कुनाचा, काय कुनाचा!"

मला रडू आलं. आजोबांना मात्र बळ आलं. "बघा! तिसरं बी मोडलं, चौथं बी."

तेव्हा काकांनी चष्मा घातला. "आजोबा, तिसरं शील कशाचं हाय? दुसऱ्याचा संसार नासू नये, कुनाला फसवू नये. ह्या पोरांनी कुनाचा संसार नासला? आन् चौथं मोडलं खरं. पन खरं बोलायला आपन जागा ठेवली होती का?"

कोणी काही म्हणायच्या आत कोपऱ्यातली एक म्हातारी, जिला एरवी ऐकू येत नाही असं सगळे धरून चालायचे, मोठ्यानं म्हणाली, "मंग लगीनच लावून द्या की त्येंचं! तिसरं बी पाळतेल अन् चौथं बी. हाय काय अन् न्हाई काय!"

बाया हसल्या. आजोबा काठी घेऊन निघून गेले, आणि त्यांच्या मागं आणखी काही जण गेले. पण बाकीचे थांबले. ताईला त्यांनी खूप विचारलं. पोटगीचं काय, वारसाचं काय, दवाखान्यात सही कोण करणार. असं विचारलं म्हणजे ते मनात लग्न धरूनच बोलत होते.

संध्याकाळी मावशी खोलीवर आली. जोडीदार घाबरून उभाच राहिला. त्याला तिनं वरून खालपर्यंत पाहिलं. "सैपाक कोन करतंय तुमच्यात?"

"दोघं बी, मावशी."

"म्हनून अशी हाडं निघालीत." मग माझ्याकडं वळली. "खोली सोडायचा इचार करून राहिलास का?"

खरंच करत होतो.

"कर मग. पन मी म्हनेपर्यंत सोडायची न्हाई. अजून राग गेला न्हाई माझा. राग हाय तवर इथंच राहायचं."

तो राग अजून गेलेला नाही असं ती सांगते. कायदाही झालेला नाही. गावाकडून फोन येत नाही. कधी कधी वाटतं बातमी पोचली, कधी वाटतं नसेल पोचली. पण खोली आहे, विहार आहे. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या, भेदरट माणसाला परमुलखात आणखी कुणी किती द्यावं?

मागच्या महिन्यात मावशी आम्हाला आणि ताईला नांदेडला तिच्या माहेरच्या विहारात घेऊन गेली. म्हणाली, "तिथल्या बाया लई खवचट हायेत, म्या पुढं बसते." तिथं ताईनंतर मी उठून आमच्या दोघांबद्दल बोललो. मी खाली बसलो तशी तिच्या शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, "अगं, तुजे कोन लागत्यात हे?"

मावशी म्हणाली, "भाडेकरू हायेत. तू लगनाला येनार का, ते सांग आधी."